निळा राहायला हवा असा तुकडा

माझं अपेंडिक्स गेली अकरा वर्षं माझ्यापेक्षा नियमितपणे कामावर येतं. घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये कर्मचाऱ्याचं काहीही कापून काढलं, की निरोगी नमुना म्हणून ते ठेवून घ्यायची पद्धत आहे. माझं मेणाच्या ठोकळ्यात बसवून ट्रेच्या खाचेत ठेवलंय. शेजारच्या खाचेत आमच्या टेक्निशियनचा, कल्पिताचा, टॉन्सिल.

आतड्याचा कॅन्सर पसरेल का, याचा अंदाज देणारं एक प्रथिन आम्ही तपासतो. ते असेल तिथे पेशी तपकिरी होतात, नसेल तिथे निळ्या राहतात. प्रत्येक पेशंटच्या काचेवर माझ्या अपेंडिक्सचा एक काप लावायचा. तो निळा राहिला, म्हणजे तपासणी बरोबर.

एका सोमवारी त्यात तीन पेशी तपकिरी दिसल्या. मी रसायनाला नावं ठेवली, नवी बाटली उघडली. गुरुवारी अकरा. पेशंटांचे काप मात्र बिनचूक. पुढच्या सोमवारी मी मोजणं सोडलं.

मेणात पेशी वाढत नाहीत. मेलेलं ते मेलेलंच. हे मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवलंय.

कल्पिता वेसाव्याची. मासळीची पाटी लांबून बघून शिळं काय ते सांगणारी, आणि माझी चेष्टा करायची एक संधी न सोडणारी. त्या दिवशी तिने चेष्टा केली नाही.

"सर, एकदा स्वतःला तपासून घ्या ना."

मी हसण्यावारी नेलं आणि संध्याकाळीच मुलुंडला दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घेतली. बायकोला सांगितलं, मूळव्याध. आठ दिवस जेवण जात नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावर माझं आतडं दाखवलं. नुकत्याच रंगवलेल्या सोसायटीच्या जिन्यासारखं, गुलाबी आणि स्वच्छ. स्कॅनमध्येही काही नाही.

येताना पेढे घेतले. लॅबमध्ये खायचं नसतं, म्हणून कल्पिताने दारात उभं राहून अर्धा खाल्ला. म्हणाली, तुमचं अपेंडिक्स सकाळीच रिटायर केलं, आजपासून माझा टॉन्सिल. पहिली काच तयार होती.

मी खुर्चीत बसलो.

"टाकताना ठोकळा बघितला, सर," ती म्हणाली. "अकरा वर्षं कापतोय आपण. नखाएवढा उरला होता ना तुकडा?"

"हो. मग?"

"आता मेणाच्या चारही कडांना टेकलाय."

मी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, काच हळूहळू सरकवली.

निळं.

निळं.

मग टॉन्सिलची कड आली. खाचेत माझ्या ठोकळ्याच्या बाजूला असायची ती.

तपकिरी. तीन.

"निळं ना, सर?"

"हो," म्हणालो.

तिने उरलेला अर्धा पेढा तोंडात टाकला.