दुभाषीबाई कोणाचं सांगत होत्या?

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीने स्वतः सांगितलेली, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. हे भरदुपारी घडलं.

ताई तेव्हा इंटर्नशिपसाठी परदेशात होती. आजारपणात घरचे लोक काय करतात, कोणाचं ऐकतात, याचा अभ्यास. मावशी इकडे गल्लीभर सांगत सुटलेली, लेक डॉक्टर होतेय. ताई फोनवर कपाळाला हात लावायची. "अगं आई, मी औषधं देत नाही, नुसते प्रश्न विचारते."

तिथली भाषा तिला येत नव्हती. म्हणून दवाखान्यातल्या दुभाषीबाई सोबत असायच्या. ताईचा प्रश्न तिकडच्या भाषेत, तिकडचं उत्तर इंग्रजीत. दिवसभर तेच. हळूहळू ताईला कोणाच्या दुखण्याचं काही वाटेनासं झालं. ऐकायचं, मान हलवायची, पुढचं घर.

त्या दुपारी दार एका मध्यमवयीन बाईने उघडलं. एकच खोली. टेबल, खुर्च्या, खिडकीशी पलंग. तिच्या नवऱ्याचं दुखणं लांबलंय, एवढंच ताईला ठाऊक होतं. तो दिसला नाही. बाहेर गेला असेल, असं तिने धरलं.

झोप लागते का, ताईने विचारलं. दुभाषीबाईंनी ते विचारलं.

शांतता...

"नाही म्हणतात. पाय गार पडतात."

ताईने मान हलवली. औषधाचं विचारलं.

पुन्हा शांतता...

"कडू लागायचं म्हणतात. पण हिचं मन मोडवत नव्हतं."

हिचं?

ताईने वर पाहिलं. त्या घरची बाई समोरच बसली होती. ओठ मिटलेले. आणि मग ताईच्या लक्षात आलं...

दार उघडल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

दुभाषीबाई पलंगाकडे बघत होत्या. सूर नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा.

"म्हणतात, हिला सांगा, आता माझ्यासाठी जागत बसू नकोस."

ताई घाबरली नाही. तेच तिला आजही कळत नाही. बधिरपणे एवढंच म्हणाली, "मग सांगा त्यांना."

दुभाषीबाईंनी सांगितलं.

ती बाई उठली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बघता बघता झोपली. एका माणसापुरती जागा सोडून.

रिकाम्या बाजूची उशी... हळूच दबली.

दोघी जिना उतरल्या. नवरा कुठे होता, ताईने विचारलं.

"पलंगावर होते की. तुम्हाला नाही दिसले?"

दवाखान्यात परतल्यावर तिथली नर्स म्हणाली, तो तर गेल्या थंडीतच वारला. दुभाषीबाईंनीही ते ऐकलं. ग्लासभर पाणी प्यायल्या, आणि कामाला लागल्या.

इंटर्नशिप संपवून ताई घरी परत निघाली, तेव्हा दुभाषीबाई बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. दोघी बाकावर बसल्या होत्या. आजूबाजूला कोणी नाही.

दुभाषीबाईंनी मान जराशी वळवली. कान दिला.

"म्हणतात..."

आणि ताईकडे बघून थांबल्या.

तेवढ्यात बस आली. ताई चढली.

कोण म्हणत होतं, काय म्हणत होतं, तिने विचारलं नाही. आता कधी म्हणते, विचारायला हवं होतं. लगेच म्हणते, बरं झालं नाही विचारलं.