तार हातात, पडदा हिरवा

जमिनीखाली तीनशे मीटरवर, सातव्या बोगद्यात, मी वायुमापकाची तार उपटली आणि भिंतीवरच्या फोनवरून वर कंट्रोल रूमला विचारलं, "पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवं," एक निवांत आवाज म्हणाला.

"अहो, तार माझ्या हातात आहे!"

"मग तुमच्या हाताला गुण आहे, मॅडम..."

अशी आमची ओळख झाली. मी खाणीच्या संगणकाची सुरक्षा तपासायला आलेली, तो त्याच संगणकासमोर बसणारा ऑपरेटर. मी तणतणत वर आले. त्याने उठून हात पुसायला फडकं दिलं, आणि डोळ्यांत हसू — चक्क हसू!

"मापक मेला की संगणक शेवटचा आकडा धरून बसतो," तो म्हणाला. "खाली माणसं गुदमरली तरी इथे हिरवंच."

"आणि तुम्ही हसताय?"

"रडून झालंय."

त्याने नोंदवही पुढे सरकवली. हीच तक्रार, सुवाच्य अक्षरात, एकोणीस वेळा. प्रत्येकीखाली मॅनेजरसाहेबांचा एकच शेरा : 'पाहिले.' बघण्याचा एवढा दांडगा उत्साह मी दुसऱ्या कुठल्या साहेबात पाहिलेला नाही.

"सातव्यात माझा दादा आहे," तो हळूच म्हणाला. "दर अर्ध्या तासाला मी फोन करतो. तो शिव्या घालतो. शिव्या आल्या की समजायचं, सगळं ठीक."

दुपारी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, दोष 'किरकोळ' लिहा. उगाच बोगदा बंद पडेल. संगणक गप्प आहे म्हणजे सगळं ठीकच की." मग त्याच्याकडे वळून, "काय रे, तुझी कधी तक्रार होती?"

तो शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला.

माझं डोकं सणकलं. फडकं द्यायला पुढे, आणि आता दातखीळ? मी रागाने त्याच्याकडे पाहिलं... त्याने शर्टाआडून नोंदवही काढली आणि टेबलावर ठेवली.

"एकोणीस वेळा, साहेब. अहवालावर साक्षीदार म्हणून सही कुठे करू?"

"उद्यापासून येऊ नकोस!"

हेही वाक्य मी अहवालात घातलं — ठळक अक्षरात. अहवाल तिथूनच सरकारी खाण-सुरक्षा कार्यालयाला पाठवला, आणि त्यांच्या हुकमाने तासाभरात सातवा बोगदा रिकामा झाला. एकतीस माणसं चालत वर आली. त्यात दादाही होता.

संध्याकाळी तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. दादा मागे डबा हलवत चालत होता. आमच्या पायांखाली नुसती खडी वाजत होती.

"अहवालात एक नियम लिहिलाय," मी म्हटलं. "दहा सेकंद काही कळलं नाही, तर हिरवं दाखवायचं नाही. सरळ लाल."

"चांगला आहे..."

पुन्हा शांतता. मी थांबले. "दहा सेकंद झाले."

"तुम्ही मोजताय?"

"माझं कामच आहे ते."

"आता नोकरी नसलेला माणूस काय बोलणार —"

"आणखी दहा."

"आवडता तुम्ही मला!" तो एका दमात म्हणाला. "तार हातात धरून ओरडलात ना... तेव्हापासून."

मी उत्तर देणार, एवढ्यात मागून दादा खेकसला, "गाढवा! एवढंसं बोलायला अख्खी खाण रिकामी करावी लागली तुला?"

शिव्या आल्या. मी त्याचा हात धरला.