गाडी एक, आवाज दोन

शर्यतीच्या आदल्या रात्री, गॅरेजचं शटर अर्धं ओढून, वायरमनकाका झेंडे धरायला आलेल्या नव्या पोरांना ही गोष्ट सांगतात. पहिलं वाक्य दरवर्षी तेच. "माझ्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर झोपा जाऊन."

झोपायला कोणी जात नाही.

ओळखीतला माणूस म्हणजे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, म्हणून मास्तर. शर्यतीच्या ट्रॅकवर ते सेफ्टी कार चालवायचे.

"सेफ्टी कार म्हणजे काय, सांगा बरं."

"अपघात झाला की ती पुढे येते, सगळ्यांना मागे लावून हळूहळू फिरवते," एक पोरगा म्हणतो. "कासव."

"कासव तुझा बाप!" काका उसळतात. "ती रेंगाळली तर मागच्यांचे टायर थंड पडतात, गाड्या घसरतात. जीव खाऊन पळावं लागतं तिला. ब्रेक मोठे, दिव्यांना वेगळी बॅटरी. टपावर नारिंगी दिव्यांची पट्टी. नुसती ठोकून दिली की तीच वारा अडवते आणि वळणावर गाडी हलते. मी ती तिरकी बसवली, खालून वारा जायला फट ठेवली. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? एका नियमासाठी. दिवे चालू आहेत तोवर तिला ओलांडायचं नाही. दिवे मालवून ती बाजूला पिटमध्ये, टायर बदलायच्या गल्लीत, शिरली, की मागच्यांना रान मोकळं."

मग काका काचेवर येतात. शर्यतीच्या गाड्या परततात तेव्हा त्यांच्या तोंडावर रबराचे काळे कण चिकटलेले असतात, उंदराच्या लेंड्यांसारखे. पुढच्या गाडीचे तापलेले टायर ते मागे उडवतात. सेफ्टी कारची पुढची काच मात्र आरशासारखी लख्ख. तिच्यापुढे कोणी नसतंच.

"हे ध्यानात ठेवा," काका म्हणतात आणि विडी पेटवतात.

मास्तरांना दोन मुलं. थोरला शर्यतीत धावायचा. धाकटी त्याच शर्यतींत टायर बदलायची. इंजिनियरिंग अर्ध्यात सोडून आलेली, तोंडाने फटकळ, कोणाच्या वयाचा मुलाहिजा नाही, म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी.

त्या वर्षी मे महिन्यात एक गाडी खालच्या वळणावर भिंतीला धडकली आणि रस्ताभर तेल सांडलं. मास्तर सेफ्टी कार घेऊन बाहेर पडले. त्यांच्या मागे रांगेत पहिला होता त्यांचाच मुलगा. टायर गरम ठेवायला सगळेच गाडी डावी-उजवी नागमोडी नेतात. त्याची तऱ्हा निराळी होती. दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कुठूनही ओळखू यायचा.

शर्यतीचा ताबा असलेले साहेब आणि मास्तर रेडिओवर काय बोलले, ते ठिणगीने गॅरेजात स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"मास्तर, दिवे मालवा. आत या."

"साहेब, खालच्या वळणावर अजून चमकतंय काहीतरी."

"पुसलंय सगळं. लोक ताटकळलेत. मालवा."

थोडी खरखर. मग बाबांचा आवाज.

"होय साहेब."

दिवे मालवले. बाबांनी मालवले म्हणजे रस्ता साफ, एवढंच दादाला ठाऊक. त्याने जीव खाऊन गाडी सोडली.

तेल पुसलं नव्हतं. दादा त्या वळणातून बाहेर आलाच नाही.

साहेबांनी चौकशी गुंडाळली आणि गाडीची चावी मास्तरांकडेच राहू दिली. म्हातारा गाडीत रमेल, गप्प राहील. मोठी माणसं दुसऱ्याचं दुःख पुसत नाहीत, त्याला पेट्रोल भरून देतात.

मास्तर रोज रात्री जेवण टाकून ट्रॅकवर जायला लागले. टपावरचे दिवे लावायचे आणि रिकाम्या रस्त्यावर फेऱ्या मारत बसायचे, पहाटेपर्यंत. गाल बसले. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर हा माणूस वर्ष काढणार नाही. आई दिवा मालवून रात्रभर जागी पडून राहायची. आणि फाटकावरचा रखवालदार एक दिवस ठिणगीला म्हणाला, "ताई, आत गाडी एक जाते. आवाज दोन येतात."

"तुम्ही किती घेता रोज?" ती म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेबारा. आईने मास्तरांचा स्वेटर आणि रक्तदाबाची गोळी तिच्या हातात दिली. "देऊन ये गं. आणि भांडू नकोस."

चंद्र नव्हता. थंडी होती. वारा नव्हता. ठिणगी पिटच्या तोंडाशी उभी राहिली. नारिंगी उजेड लांबून वळत आला. मास्तरांनी गाडी थांबवली.

"गोळी घ्या."

"ठेव तिथे."

"ठेवायला नाही आले." तिने दार उघडलं आणि शेजारी बसली. "चला. बघू द्या, काय एवढं ठेवलंय इथे."

मास्तरांनी गिअर टाकला. गाडी निघाली. इंजिनाने सूर धरला. एक वळण गेलं.

"मागे बघू नकोस," मास्तर म्हणाले.

तिने अर्थातच बघितलं.

आरशात अंधार. टपावरचा दिवा लुकलुकला. त्या उजेडात मागे एक गाडी दिसली. बुटकी, रुंद, टायर उघडे. उजेड गेला. गाडी गेली. पुन्हा उजेड. पुन्हा गाडी. थोडी डावीकडे.

उजेड. आणखी डावीकडे.

उजेड. उजवीकडे.

दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे...

ठिणगीच्या हातातला स्वेटर खाली पडला.

"मे महिन्यापासून," मास्तर म्हणाले. आवाजात भीती नव्हती. माया होती, आणि तेच वाईट होतं. "दिवे लावले की येतो. ओलांडत नाही. नियमाचा पक्का आहे."

"बाबा..."

"मालवले तर जाईल. खालच्या वळणावर जाईल. तेल आहे तिथे."

"तेल कधीच धुतलंय!"

"तेव्हाही हेच म्हणाले होते."

सहा महिने तिने एकच वाक्य घोटून ठेवलं होतं, संधी मिळाली की बापाच्या तोंडावर मारायला. ते आता आपोआप निघालं.

"तुम्ही होय म्हणालात, बाबा. दिसत होतं तरी होय म्हणालात. साहेबाच्या एका आवाजावर. तुम्हाला भुताची भीती वाटत नाही, साहेबाची वाटते."

"हो," मास्तर म्हणाले.

नुसतं हो. मागे इंजिन घुमत होतं. डावीकडे. डावीकडे. उजवीकडे.

"त्याचे टायर थंड पडत असतील," ती हळूच म्हणाली. "किती दिवस झुलवायचं त्याला? त्याला कधी कोणाच्या मागे राहवलंय का?"

मास्तरांच्या गालावरून पाणी ओघळलं. स्टिअरिंगवरचे हात हलले नाहीत.

"खालच्या वळणावर थांबवा," ठिणगी म्हणाली.

"अगं, तो मागे..."

"थांबवा."

गाडी थांबली. मागचं इंजिनही खाली आलं. बंद झालं नाही. घुरघुरत राहिलं.

ती उतरली. रस्त्यावर गुडघे टेकले. नारिंगी उजेड यायचा, जायचा. तिने तळवा टेकवला. खरखरीत डांबर. पुढे सरकली. पुन्हा तळवा. पाठीमागून ऊब आली. पोटऱ्यांना लागली. एवढ्या थंडीत. तापलेल्या रबराचा वास...

तिने वळून बघितलं नाही.

"दादा, थोडं थांब," ती म्हणाली. "झालंच."

ऊब तिथेच राहिली. हलली नाही.

मास्तर उतरले. तिच्या शेजारी, कण्हत, गुडघ्यांवर बसले. त्यांनीही तळवा टेकवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतीच्या बुडाशी. फटीत बोटं घालून. पुन्हा पहिल्यापासून. डांबराने हात सोलले तरी.

"कोरडा," ते म्हणाले. "कोरडा आहे गं."

"मग?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार. मी साहेब नाही. तुम्ही बघितलंत. तुम्ही ठरवा."

दोघं गाडीत बसले. आणखी एक फेरी. शेवटची, पण हे कोणी बोललं नाही. मास्तर आरशात बघत होते. आजवर कधी बघितलं नव्हतं इतकं. सरळ रस्ता आला. पुढे खालचं वळण.

त्यांचा हात दिव्यांच्या बटणावर गेला. थांबला.

"रस्ता साफ आहे, बाळा," मास्तर म्हणाले. रेडिओ बंद होता. "मी स्वतः बघितलाय."

...

त्यांनी दिवे मालवले.

टपावर अंधार. आरशात अंधार. त्यांनी गाडी डावीकडे घेतली. उजवीकडून आवाज आला. वाढला. काचा थरथरल्या. गाडी एकदा हेलकावली. शेजारून काहीतरी गेलं. पुढच्या काचेवर टपटपलं. पाऊस नव्हता.

आवाज वळणाकडे गेला.

ठिणगीने बाबांचा हात धरला.

आवाज वळणात शिरला...

...

वळणातून बाहेर पडला. चढला. सरळ रस्त्यावर लांब, आणखी लांब, बारीक होत गेला. मग नुसती रात्र.

"नीट गेला," मास्तर म्हणाले. "नीट गेला गं."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हातारा असा रडला, की फाटकावरचा रखवालदार उठून आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

घरी जाऊन मास्तरांनी गोळी घेतली. आईने वाढलेलं जेवले. पुन्हा कधी ते रात्री ट्रॅकवर गेले नाहीत.

गॅरेजात कोणी हलत नाही. काकांची विडी विझलेली असते.

"थापा, काका," शेवटी एकजण म्हणतो. "बापलेकीला भास झाला असेल. दुःखात होतं माणसाला."

"झाला असेल," काका म्हणतात. "मी काही गाडीत नव्हतो."

मग ते विझलेली विडी खाली टाकतात.

"रविवारी सकाळी मी नेहमीसारखा गाडी पुसायला गेलो. आदल्या संध्याकाळी मीच पुसून ठेवली होती. पुढची काच लख्ख. रात्रीतून ट्रॅकवर दुसरी गाडी आलेली नाही. फाटकाला कुलूप, रखवालदार साक्षीला."

"मग?"

"काच काळी होती रे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रबराचे कण. मी एक नखाने काढला..."

काका अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळतात. तिथे काही नसतं. तरी चोळतात.

"मऊ होता. अजून ऊन होता."