शाळेचं होकायंत्र

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात आमच्या शाळेत नवा नकाशा आला. एक तारखेला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि आम्हा बुऱ्हाणपूरकरांची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. जुना नकाशा गुंडाळून कपाटावर टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण भूगोल मी शिकवतो. माझ्याइतका रुक्ष माणूस आमच्या अख्ख्या शनवारा मोहल्ल्यात नाही, असं माझी बायको वंदना म्हणायची. मोजता येतं तेवढंच मी मानत असे.

शाळेत माझं डोकं खायला विज्ञानाचे दिगंबर मास्तर होते. प्राचीन काळी पृथ्वीचे ध्रुव एकाएकी सरकले होते, हे त्यांचं वेड. चांदनी या आपल्या गावच्या नाल्यातला एक काळा दगड त्यांनी सिंधीपुऱ्यातल्या आपल्या खोलीवर आणून ठेवला होता. हा दगड लाव्हारसातून थिजला त्या वेळची उत्तर दिशा त्यानं अजून धरून ठेवली आहे, असं ते म्हणत.

"प्रभाकरराव, एका सहीनं आपली राजधानी पूर्वेहून उत्तरेले जाते," ते डोळे मिचकावत म्हणाले, "मग ध्रुवांनीच काय घोडं मारलं?"

मी हसलो आणि शाळेचं होकायंत्र त्यांना आठवडाभरासाठी दिलं. पितळी डबी, वर काच, आत निळ्या टोकाची सुई. निळं टोक उत्तर दाखवायचं.

पुढच्या रविवारी मास्तर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. एकटेच राहत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोचलो तेव्हा त्यांचा भाऊ चुडामण चांदनीहून नुकताच आला होता. "भाऊले खाली घ्या, मास्तर," तो रडत म्हणाला. "उत्तरेले डोकं करा."

दिगंबर मास्तर पूर्वेकडे डोकं करून झोपले होते, आपण सगळे झोपतो तसे. उत्तरेकडे डोकं प्रेताचं करतात. आम्ही त्यांना उचलत होतो तेव्हा माझी नजर टेबलावरच्या होकायंत्राकडे गेली. निळं टोक पूर्वेला होतं, मास्तरांच्या उशीकडे रोखलेलं.

सुईचं ऐकायचं तर त्यांना फिरवायची गरजच नव्हती.

दगड टेबलाखालीच होता, त्यानंच सुई ओढली असणार, अशी मी मनाची समजूत घातली. होकायंत्र खिशात टाकलं आणि घरी आलो.

वंदना विषमज्वरातून उठून जेमतेम आठवडा झाला होता. अजून पंधरा दिवस पडून राहायचं, अशी डॉक्टरांची ताकीद होती. होकायंत्र मी तिच्या खिडकीत ठेवलं. दोन दिवस सुई असीरगडाकडे, म्हणजे नीट उत्तरेला, दाखवत राहिली.

बुधवारी दुपारी शाळेतून जेवायला आलो. वंदना झोपली होती आणि निळं टोक पूर्वेला वळलं होतं, तिच्या उशीकडे. मी तिला हलवलं. हात गार होते. चार-पाच हाकांनंतर तिनं डोळे उघडले.

"काय गाढ झोप लागली हो," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "कुणीतरी माझे पाय सरळ करत होतं."

मी खोलीतलं सगळं लोखंड बाहेर काढलं. ट्रंक, अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगा, वंदनाच्या केसांतले आकडेसुद्धा. सुई जागची हलली नाही. मग मी पलंग फिरवून उशी दक्षिणेला केली. दुसऱ्या दिवशी सुई दक्षिणेला. उशी पश्चिमेला केली, तर संध्याकाळच्या आतच सुई पश्चिमेला. दर वेळी वंदनाला जागं करायला जास्त हाका माराव्या लागत होत्या.

"मास्तर, बिमार बाई हाये का पलंग?" शेजारच्या भागाबाईंनी दारातून विचारलं. वंदना हसली. मला हसू आलं नाही.

होकायंत्र तापीत फेकून द्यावं असं शंभरदा वाटलं. पण मग कुठली दिशा टाळायची हे कळणार कसं? मला भीती वाटत होती, ते सांगायला मला लाज नाही. तिच्याशिवाय मला दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी एकदम सुचलं. आडव्या माणसाच्या डोक्याला दिशा असते. बसलेल्याच्या डोक्याला कुठली?

मी वंदनाला उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली.

"आज बसवलंत," ती म्हणाली, "उद्या खुंटीला टांगाल."

थोड्या वेळानं तिथंच तिचा डोळा लागला. मी होकायंत्र हातात घेतलं. निळं टोक पश्चिमेहून सुटलं, पूर्वेकडे गेलं, मागं आलं, पुन्हा फिरलं. त्याला काही सापडत नव्हतं. मी चक्क मोठ्यानं हसलो. होकायंत्र खिडकीत ठेवलं आणि तिच्यासाठी दूध तापवायला आत गेलो.

दूध वर येत असताना बाहेरून आवाज आला. टिक. टिक. काचेवर नख वाजवावं तसा.

मी पेला घेऊन बाहेर आलो. सुई फिरायची थांबली होती.

ध्रुवावर सुई आडवी राहत नाही, उभी राहते. हे मीच नववीला शिकवतो. उत्तर ध्रुवावर निळं टोक खाली जातं.

हे वर आलं होतं. काचेला आतून टेकलं होतं.

"वंदना," मी हाक मारली.

शाल तशीच होती. पाय नीट जुळवलेले होते.

बसल्या बसल्या झोपलेल्या माणसाची मान कलते. तिची सरळ होती.