हळू चालव

दिवा नको लावूस, राहू दे. भिंतीला टेकून बसा सगळे. आणि मधे कुणी खिदळायचं नाही. ज्याची ही गोष्ट आहे तो अजून आहे, याच रस्त्यावरून येतो-जातो, आणि मी त्याला चांगला ओळखतो. माझ्या सुतारकामाच्या दुकानाला लागूनच त्या दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. राहायचोही दुकानांच्या मागेच, मधे एकच भिंत. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळायचं.

मार्चमधला शेवटचा शनिवार. तसा रविवार लागला होता, रात्रीचे पावणेदोन झाले होते. धाकटा भाऊ मोटारसायकल काढून औषध आणायला निघाला. काम एवढंच. गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या दवाखान्यासमोर, एक मेडिकल रात्रभर उघडं असायचं. तिथून गोळी आणायची आणि थोरल्याला द्यायची.

धाकट्याला सगळा बाजार तुफान म्हणायचा. सातवीत शाळेतून जो सुटला तो परत काही फिरकला नाही. जेवणावरून पहिला उठणार तो, भांडणात पहिला हात उचलणार तो, आणि मग कोपऱ्यात जाऊन पहिला रडणारही तोच. थोरला अगदी उलट. त्याला सगळे दादाच म्हणायचे, वयाने मोठी माणसंसुद्धा. आईबाप लवकर गेले, तेव्हा तुफानला भरवण्यापासून काम शिकवण्यापर्यंत सगळं दादाने केलं. काच कापायचा हिरा त्याच्या हातात आला की बघत राहावं. एक रेघ, एक झटका, की काच अशी सुटायची जणू आधीपासून दोनच तुकडे होते.

तीन वर्षांपूर्वी एका शोरूमची मोठी काच उतरवताना दोर सुटला आणि ती काच दादाच्या उजव्या हातावरून खाली आली. कोपरापासून मनगटापर्यंत. टाके पडले, जखम भरली, वण पांढरा पडला. पण आतली नस काही शांत झाली नाही. दादा म्हणायचा, "आत बसून कुणीतरी हाडावर हिरा ओढतंय. रेघ मारतंय, पण तोडत काही नाही."

तुम्हाला वाटेल दुखणं म्हणजे दुखणं. तसं नव्हतं ते. पंख्याचा वारा लागला तरी हात पेटायचा. चादरीची कड घासली तरी ओठ दाताखाली जायचा. वहिनींनी त्याच्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाह्या कापून टाकल्या होत्या. उन्हाळ्यातही त्या घरात पंखा नव्हता. छोटी, म्हणजे त्यांची मुलगी, बापाच्या डाव्या बाजूनेच जायला शिकली होती. तरी माणूस विनोदी! मला म्हणायचा, "सुतारबुवा, उजव्या हाताचा जावई झालाय बघा. काम काडीचं नाही, मानपान मात्र रोजचा."

गोळ्या होत्या, त्यांनी आग कमी व्हायची. पण त्यांनी माणूसही कमी व्हायला लागला. बोलता बोलता शब्द हरवायचा. हातात माप असायचं आणि कसलं माप ते आठवायचं नाही. एक दिवस छोटीला आणायला शाळेत गेला, फाटकापाशी उभा राहिला, आणि एकटाच घरी परत आला. वहिनींनी विचारलं, "छोटी कुठे?" तर हा म्हणाला, "कोण?"

त्या दिवशी दादा खूप रडला. "गोळी सोडायची," म्हणाला. "हात जळाला तर जळू दे. पोरीचं नाव विसरायचं नाही मला."

डॉक्टर म्हणाले, सोडा, पण हळूहळू. दर पंधरवड्याला थोडी थोडी उतरवत. एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते, काहीही होऊ शकतं. तसं सुरू केलं. पण दर वेळी गोळी कमी झाली की घाम, थरथर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, रात्रभर येरझाऱ्या. जरा कुठे शरीर सावरतंय तोच पुढचा पंधरवडा. असे किती महिने काढायचे?

तुफानला ते बघवेना. एक दिवस दुकानात तो म्हणाला, "दादा, तूच शिकवलंस ना? काच हळूहळू वाकवत तोडायला गेलं की वेडीवाकडी फुटते. एक रेघ, एक झटका. ही गोळी पण तशीच तोडू. चार दिवस त्रास होईल, मग सुटलास."

दादा हसला. "गुरूची विद्या गुरूला काय रे?" पण त्याला ते पटलं. काचवाल्याला पटणारच.

वहिनी दारात होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हा माणूस आहे. काच नाही."

"वहिनी, तुम्ही नुसत्या घाबरता."

"घाबरते मी. तुमच्यापैकी कुणीतरी घाबरायला नको का?"

दोघांनी ऐकलं नाही. दादाने तुफानकडून वचन घेतलं. "मी मागेन. शिव्या देईन, पाया पडेन. द्यायची नाही." तुफानने एकेक गोळी फोडून काचेच्या भंगाराच्या पिंपात टाकली. कुणाला हात घालून काढता येऊ नये म्हणून. डॉक्टरांची चिठ्ठीही फाडून त्यातच टाकली. त्याचं सगळंच तसं असायचं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री मला भिंतीपलीकडून दादाचा आवाज यायला लागला. ओरडणं नव्हतं ते. घासल्यासारखा आवाज. तिसऱ्या दिवशी त्याला भिंती हलताना दिसायला लागल्या. अंगातून घामाच्या धारा, आणि वर थंडी. हाताची आग दुप्पट. "एकच दे रे," म्हणायचा तुफानला. "अर्धी दे. चाटायला दे." आणि तुफान कानावर हात दाबून म्हणायचा, "तूच सांगितलंस, दादा. तूच सांगितलंस."

शनिवारी रात्री वहिनींचा जरा डोळा लागला. तुफान पाणी प्यायला उठला तर दादा जागेवर नाही. दुकानात मिणमिणता दिवा होता. दादा पिंपापाशी उभा होता. आत बघत होता. काही करत नव्हता. नुसता काचांकडे बघत होता, आणि तो उजवा हात... तो हात त्याने पिंपाच्या काठावर ठेवला होता.

तिथे तुफान मोडला.

"दादा, मागे हो. आणतो. आत्ता आणतो. वचन गेलं खड्ड्यात."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. वहिनींना उठवून, दादाला अंथरुणावर बसवून तुफान निघाला. रस्ते मोकळे होते. त्याने गाडी अशी पिटाळली की चौकातला कुत्रा भुंकायचाही विसरला.

मेडिकलमध्ये एकटाच माणूस होता, झोपाळलेला.

"चिठ्ठी?"

"फाटली. गोळीचं नाव पाठ आहे."

"नाव पाठ असून काय करू? ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही."

"अहो, माझा भाऊ मरतोय तिकडे!"

"मग त्यांना समोर दवाखान्यात आणा."

तुफानने काउंटरवर मूठ आपटली. मग हात जोडले. मग परत मूठ आपटली. मेडिकलवाल्याने फोनकडे हात नेला, आणि तेवढ्यात त्याची नजर तुफानच्या खांद्यावरून मागे गेली. त्याचा चेहरा निवळला.

"मग आधी नाही का सांगायचं? हे नेहमीचेच आहेत आपले. पेशंट बरोबर आहे आणि तुम्ही आरडाओरडा करताय."

"कोण बरोबर आहे?"

"हे काय. तुमच्या मागे."

तुफान वळला.

पायरीच्या खाली, ट्यूबच्या उजेडाच्या कडेला, दादा उभा होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पण तो तुफान. त्याच्या डोक्यात एकच आलं, की दादा मागोमाग निघून आला. रिक्षा मिळाली असेल, कुणीतरी सोडलं असेल. तो चिडला.

"अरे, असा कसा आलास? वहिनींना सांगून तरी आलास का?"

दादा नुसता बघत होता. शांत. कितीतरी महिन्यांत तुफानने त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. ओठ दाताखाली नव्हता.

मेडिकलवाल्याने गोळ्यांचं पाकीट दिलं. तुफानने खाली उतरून ते पुढे केलं. "घे. इथेच घे एक. पाणी मागतो."

दादाने नकाराची मान हलवली. गाडीकडे पाहिलं.

"घरी," म्हणाला.

तुफानने पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं, वरून गुंडी लावली. गाडी सुरू केली. मागे वजन बसलं. नेहमीचं, ओळखीचं वजन. आणि त्याच्या खांद्यावर हात आला.

उजवा हात.

तुफानच्या अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. आनंदाने. तीन वर्षांत त्या हाताने कुणाला स्पर्श केला नव्हता. त्याने आरशात पाहिलं. खांद्यावर बोटं होती. मनगट होतं. मनगटावर बाहीची गुंडी लावलेली होती.

बाही.

त्याने नजर परत रस्त्यावर घेतली.

"दादा... वारा लागतोय. हात..."

"नाही."

"दुखत नाही?"

रस्त्यावरचे दिवे एकेक करून मागे जात होते. गाडी परत वेगात आली होती. तुफानला एकाएकी रडू फुटलं. चालवता चालवता.

"चुकलो मी, दादा. माझं ऐकायला नको होतंस. वहिनी सांगत होत्या. मी..."

"हळू चालव."

"काय?"

"हळू चालव रे."

तुफानने वेग कमी केला. जन्मात पहिल्यांदा. पुढच्या वळणावर एक ट्रक बंद पडून रस्त्याच्या मधोमध उभा होता. एकही दिवा नाही. तुफानने त्याला वळसा घातला. ट्रकचं पत्र्याचं अंग त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेलं.

खांद्यावरचा हात जरा दाबला गेला.

मग सुटला नाही. पण हलकाही झाला नाही...

"दादा?"

...

"दादा, बोल ना काहीतरी."

...

गल्लीचं तोंड आलं. घरात उजेड होता. सगळा. दार सताड उघडं. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी होतो. समोरची दोन माणसं होती.

तुफानने गाडी उभी केली. आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. म्हणाला, "काय झालं? आणलंय मी त्याला."

वहिनी उठल्या. "कोणाला, भाऊजी?"

"हा काय..."

तो मागे वळला. मागची सीट रिकामी होती.

"तुम्ही गल्लीच्या बाहेर पडलात न पडलात..." वहिनी म्हणाल्या. पुढचं मीच सांगितलं. आकडी आली. मी भिंतीपलीकडून आवाज ऐकून धावलो, तोवर संपलं होतं. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर येऊन बघून गेले. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

तुफान आत गेला. दादा अंथरुणावर होता. अंगात तोच शर्ट, उजव्या खांद्यापाशी कापलेला. वहिनी जाऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी तो हात उचलला. दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला, कपाळाला लावला. तीन वर्षांनी. आता कोणी ओरडणार नव्हतं, म्हणून घेता आला. ते बघून मला बाहेर जावंसं वाटलं.

तुफान गुडघ्यांवर बसला. लहान मुलासारखा दादाच्या कानाशी वाकला.

"दादा, आणली बघ. आणली मी. ऊठ. मागशील तितकी देतो."

त्याचा हात खिशाकडे गेला. गुंडी लावलेलीच होती, मी बघत होतो. त्याच्या बोटांनी ती निघेना, शेवटी मीच काढून दिली. त्याने पाकीट बाहेर काढलं आणि दादाच्या डोळ्यांपुढे धरलं. मग त्याचा हात थांबला.

पाकीट कोरं होतं. नुकतंच दिलेलं. सकाळी मी स्वतः त्या मेडिकलवाल्याकडे गेलो, तोही शपथेवर तेच म्हणाला.

पण त्यातलं गोळीचं एक घर फुटलेलं होतं. मागचा चकचकीत कागद फाटलेला. आम्ही खिसा उलटा केला, शर्ट झटकला, अंथरूण पाहिलं, गाडीपासून दारापर्यंतचा रस्ता दिवा घेऊन पाहिला.

एक गोळी नव्हती.