अहो, जरा सरकता का?

"अहो, जरा सरकता का? हातात गरम आहे."

पाण्याचं पातेलं सांभाळत मी म्हटलं, आणि पॅसेजच्या खिडकीशी पाठमोरा उभा असलेला तो किडकिडीत माणूस अंग चोरून बाजूला झाला. डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी, तोंडावर मास्क, अंगात दोन मापं मोठा कोट. हॉस्पिटलशेजारच्या त्या इमारतीत पेशंट आणि त्यांच्या सोबतचे लोक एकेका खोलीत, घरापासून लांब राहायचे. अशा टोप्या नि असे मास्क आमच्या मजल्यावर रोजचेच होते. मी दोन पावलं पुढे गेले.

"कुठल्या खोलीत असता तुम्ही?" मागून आवाज आला.

पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. तो माझा नवरा होता. सहा वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला मी ओळखलं नव्हतं...

पण माझी तरी काय चूक? त्याला दुसऱ्याच्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी देऊन त्या दिवशी चौतीस दिवस झाले होते. इतक्या दिवसांत तो आपणहून खोलीबाहेर पडला नव्हता. मी त्याला झोपलेला सोडून मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात पाणी उकळायला गेले होते. तेवढ्यात साहेब उठले, माझ्या नणंदेनं पाठवलेलं पार्सल फोडलं आणि नवी टोपी, नवा कोट चढवून भिंतीच्या आधारानं खिडकीपर्यंत आले. चौदा किलो वजन उतरलेलं, भुवयासुद्धा गेलेल्या.

मला रडूच यायचं होतं. पण वर बघितलं तर मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते.

"अहो म्हणालीस," तो म्हणाला. "सहा वर्षांत पहिल्यांदा."

लग्नाआधीच मी अट घातली होती, मला 'अहो-जाहो' जमायचं नाही. तेव्हापासून एकदा तरी ते ऐकायला मिळावं म्हणून त्यानं काय काय लालूच दाखवली होती.

"परक्या माणसाला म्हणाले," मी सांगितलं.

"मग मी परकाच बरा." तो दम खात थांबला. "उद्या अकरा वाजता... या वाटेनं येता का?"

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या लिखाणातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तिथल्या खोलीतही मी तोच करत होते. तो सुतार. त्याचं रक्त बिघडलं तेव्हा पेशी जुळल्या त्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या. आमचं नणंद-भावजयीचं कधी फार गूळपीठ नव्हतं. पण सुई दिसली की घेरी येणारी ती बाई चार तास दोन्ही हातांत सुया घेऊन पडून राहिली आणि उठल्यावर म्हणाली, "लहानपणी याच्या वाटणीचं बरंच खाल्लंय मी." मी तिला मिठी मारली. मग दोघींनाही कुठं बघावं ते कळेना.

पेशी रुजल्या, ताप उतरला. पण एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी सांगितलं की निदान वर्षभर लाकडाचा भुसा नाकात जाता कामा नये. त्या संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "घरी गेलो की तू तुझं बघ. मी तुला अडकवून ठेवणार नाही."

आजारात माणूस बोलून जातो, असं मी मनाला समजावलं. पण त्यानंतर त्यानं माझ्याकडे धड बघितलंच नव्हतं. बघितलं ते त्या खिडकीपाशी, परका होऊन.

मग काय, रोज अकरा वाजता मी केस विंचरून पॅसेजमध्ये हजर.

"तुमचे मिस्टर काय करतात?"

"सुतार आहेत. सध्या रुसलेत."

"कुणावर?"

"भुशावर."

तो खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत हसला. "ही चौकट गुण्यात नाही. बघा, हा कोपरा फाकलाय. तुमच्या मिस्टरांनी केली नसावी."

"त्यांची कामं सरळ असतात. तेच जरा वाकडे आहेत."

"दिसायला कसे?"

"केस होते तेव्हा बरे होते."

"आणि आता?"

"आता..." मी पातेल्याचं झाकण उगाच नीट केलं. "आता डोळे जास्त दिसतात."

आणि मी लाजले. लग्नाला सहा वर्षं झालेली बाई, हातात पातेलं, पायात रबरी चपला! समोरच्या खोलीतल्या आजी दार किलकिलं करून विचारायच्या, "आज काय म्हणतायत पाहुणे?"

पाहुणे खिडकीपासून लिफ्टपर्यंत चालू लागले. मग लिफ्टपासून जिन्यापर्यंत. स्वयंपाकघरातलं डुगडुगणारं स्टूल त्यांनी पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केलं. एके दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला.

"माझा रक्तगट बदलला," तो म्हणाला. "आता ताईचा आहे."

"म्हणजे इतके दिवस मी नणंदेशी गुलूगुलू बोलतेय?"

"तिला सांगू नका. डोक्यावर चढून बसेल."

त्या रात्री मी नणंदेला फोन केला. नुसतंच म्हटलं, "ताई, तुमचा भाऊ आज हसला." पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळ्या पेशी बहिणीच्या. छान चाललंय. दोन दिवसांनी घरी जा." त्यांचे हात धरून मी किती वेळा थँक्यू म्हटलं कुणास ठाऊक. नर्सनं घरी जायचा फॉर्म त्याच्याकडे दिला. फॉर्म भरून तो झोपला, आणि कुठलाही कागद न वाचता सोडायची मला सवय नाही. 'घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नातं' या रकान्यात त्यानं 'पत्नी' लिहिलं होतं. मग ते खोडून वर 'बहीण'.

म्हणजे एकोणिसाव्या दिवशी तो बोलून गेला नव्हता... ते त्यानं ठरवलं होतं. मला भयंकर राग आला. मी माझी लाल पेन्सिल काढली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तो फॉर्म खिडकीत ठेवला.

"दुसऱ्याचे कागद वाचता तुम्ही?" त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"तेच काम आहे माझं."

"ते मी विचार करून लिहिलंय." परकेपणा गळून पडला. "वर्षभर रंधा हातात धरता येणार नाही. रोज गोळ्या, रोज ताप मोजायचा... आणि हे दुखणं परत आलं तर? तू का म्हणून—"

"नीट बघ."

खोडलेल्या 'पत्नी'खाली मी लाल टिंबं दिली होती आणि समासात लिहिलं होतं, 'राहू द्या.'

"हे काय?"

"आमच्या कामातली खूण. चुकून खोडलेला शब्द परत हवा असला की खाली टिंबं द्यायची आणि असं लिहायचं."

"मी चुकून नाही खोडला."

"चुकूनच खोडलास. हे बघ, मी इथं आले ती तुझी काळजी घ्यायला, खरं सांगते. पण गेले दोन महिने रोज अकरा वाजायची वाट बघतेय, ती काही काळजीपोटी नाही. मी पुन्हा प्रेमात पडलेय. ज्याच्या प्रेमात पडलेय त्याला रंधा येतो का, हे मी विचारलंसुद्धा नाही."

त्यानं त्या लाल टिंबांवरून बोट फिरवलं. मग त्याचा हात माझ्या हातावर आला, हलका, पण गरम.

"बहीण खोडू का?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही. रक्त तिचं आहे. तिलाही राहू दे."

"आणि हे 'राहू द्या'... ही विनंती की हुकूम?"

"परक्याला विनंती. नवऱ्याला हुकूम."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसतही होते. तो खिडकीला टेकून माझी वाट अडवून उभा राहिला, मुद्दाम.

"अहो," मी म्हटलं, आणि या वेळी माणूस ओळखून म्हटलं.