पुसण्याआधी विचारा

नासधूस करू शकणाऱ्या टूलांची वर्णनं लिहिणं हे माझं काम. इबादान शहरातल्या बोदिजा भागात आमचं छोटं ऑफिस आहे. रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो, आणि त्या नोंदींवर आता माणसांऐवजी एआय एजंट काम करतात. एजंट हुशार असतो, पण लिहून दिलं तेवढंच त्याला कळतं. नोंद पुसायचं टूल त्याच्या हाती द्यायचं तर आधी सांगावं लागतं की हे काय करतं, काय परत येत नाही, आणि कुठे थांबून माणसाला विचारायचं. नव्या कामवालीला सांगतात ना, बाई, त्या बरणीचं झाकण सैल आहे, वरून उचलू नकोस, तसंच. लोकांना हे काम फालतू वाटतं. वाटू दे.

त्या महिन्यात शहरातल्या एका जुन्या रुग्णालयाचं काम आलं. दुबार नोंदी आणि मेलेल्यांच्या नोंदी काढून टाकायच्या होत्या. मी पहिलंच वाक्य लिहिलं: 'जन्मतारीख, आडनाव आणि आई एक असली म्हणून माणूस एकच आहे असं समजू नये. इकडे जुळी फार होतात.'

शेजारच्या टेबलावरचा डोतुन खोकत हसला. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ सगळ्यांच्याच घशात बसली होती.

"स्वतःची सोय करून घेतेस होय, केहिंदे?"

आमच्यात नावावरूनच कळतं. जुळ्यांतलं आधी येतं ते तैवो, मागून येतं ते केहिंदे. केहिंदेच तैवोला पुढे पाठवते म्हणतात, जगाची चव बघायला. बाहेरून रडणं ऐकू आलं की मग आपण निघायचं. माझ्या तैवोने हे काम शेवटपर्यंत केलं. अंगणातल्या टबात आधी ती पाय घालायची आणि ओरडायची, "गार नाही, ये!" पाणी हाडं गोठवणारं असायचं. खोटारडी मेली! सात वर्षांची असताना तापाने गेली, त्याच रुग्णालयात.

आईने रिवाजाप्रमाणे तिची लाकडी मूर्ती कोरून घेतली. मला जेवायला वाढलं की तिलाही घास. माझा फ्रॉक शिवला की उरलेल्या कापडाचा तिलाही. आमचे पाद्री रागावले, आईने ऐकलं नाही. मी शिकलेसवरले, आणि लाकडाला न्हाऊमाखू घालणारी आई बघून मला नुसता संताप यायचा. गल्ली तिला अजून 'इया इबेजी' म्हणते, जुळ्यांची आई. तिचं खरं नाव कुणाला ठाऊकही नसेल.

या कामाचं मी घरी बोलायला नको होतं.

"तिथे तैवो आहे," आई म्हणाली. "तिचं नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही गं. फोटोसुद्धा नाही. राहू दे तिला. तुझ्याच हातात आहे ना?"

"आई, ती नुसती नोंद आहे."

"तेवढी तरी असू दे."

मी बघते म्हटलं. आईला तेवढं पुरलं.

नोंदींची नक्कल करून आम्ही चाचणी घेतली. बाहेर जनरेटर धडधडत होता, खोलीभर डिझेलचा वास. एजंट भराभर पुसत गेला आणि एका नोंदीपाशी थांबला. डोतुनने मोठ्याने वाचलं, "'ही मुलगी मृत आहे. परंतु आज सकाळी तिने चवळी खाल्ली आहे. पुसू का?' हे काय गं? तू घातलंस?"

मी नोंद उघडली. नाव तैवो, आजार ताप, खाली मृत्यूची तारीख. चवळीचं कुठे नाव नव्हतं.

"बिघाड आहे," मी म्हटलं. "परत चालव."

परत तिथेच थांबला. 'आत्ता तिच्या अंगाला तेल लावलं जात आहे. पुसू का?'

मी बाहेर जाऊन आईला फोन केला.

"आई, काय करतेस?"

"तैवोला तेल लावतेय. लाकूड तडकतं गं या हवेत. का?"

"काही नाही. जेवलात का?"

"दोघीही जेवलो. चवळी केली होती."

आत आले तर आमच्या मॅडम, मिसेस अकिनलाडे, डोतुनच्या मागे उभ्या होत्या. "मेलेल्यांपाशी अडून बसणारा एजंट कोण विकत घेईल? केहिंदे, एक ओळ वाढव आणि संपव."

मला तेवढी एक नोंद वगळता आली असती. पण वगळली असती तर चवळी खरी मानावी लागली असती. मी ओळ लिहिली: 'मृत व्यक्तींबाबत विचारू नये.'

मग एजंटने खऱ्या नोंदी पुसल्या. कुठेही थांबला नाही.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा समोरची बाई "इया इबेजी, ओ इया इबेजी!" म्हणून हाका मारत होती. आई दारातच बसली होती. तिने मान वर केली नाही.

मूर्ती तिच्या मांडीवर होती.

"हे कुणाचं गं?" तिने विचारलं. "चेहरा किती झिजलाय. धुवून धुवून झिजवलाय कुणीतरी."

"आई, तैवो आहे ती."

"कोण तैवो?"

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. ताप, टब, गार पाणी, ती हाक. टबाचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी रडत होते, आणि आई शेजारणीचं दुःख ऐकावं तशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"अरेरे," ती म्हणाली. "कुणाची होती बिचारी?"

मग माझ्याकडे बघत राहिली.

"आणि तुझं नाव केहिंदे कसं ठेवलं मी? तू कुणाच्या मागून आलीस?"

सकाळी ऑफिसात डोतुन हसला नाही. त्याने खुर्ची सरकवून मला जागा दिली.

पडद्यावर त्याच रुग्णालयातली माझी नोंद होती. खाली एजंटने लिहिलं होतं, 'हे नाव मागून आलेलीचं आहे. पुढे कोणीच नाही. नोंद चुकीची दिसते. व्यक्ती जिवंत आहे, म्हणून विचारत आहे. पुसू का?'

"उत्तर तू दिलंस?" मी विचारलं.

"शप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही."

उत्तराच्या चौकटीत लिहिलेलं होतं:

'गार नाही, ये.'